जुन्या गाडीचं नवं रबर

सत्य आणि पाणी, दोन्ही फार काळ अडवून धरता येत नाहीत. ती कुठून ना कुठून वाट काढतातच. हे वाक्य माझ्या सासऱ्यांचं. ते आयुष्यभर धरणांच्या कामांवर इंजिनीअर होते, त्यामुळे पाण्याबद्दल त्यांना बरंच कळत असे. निवृत्त झाल्यावर हे वाक्य त्यांनी दोन शाळांच्या स्नेहसंमेलनात, एका वाचनालयाच्या वर्धापनदिनी आणि माझ्या लग्नात म्हटलं. लग्नात का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही.

त्यांची गाडी माझ्या बायकोच्या वयाची. गोल दिवे, खिडक्यांच्या कडेने क्रोमच्या पट्ट्या, आणि मूळचा निळा रंग उन्हाने खाऊन खाऊन धुतलेल्या शाळेच्या गणवेशासारखा झालेला. नाशिकमध्ये आमच्या सोसायटीत ती पहिल्या क्रमांकाच्या पार्किंगमध्ये उभी असे. ती दर गुरुवारी सकाळी बाहेर पडायची, चांदवडला जायची आणि संध्याकाळी परत यायची. बाकी सहा दिवस सासरे तिच्याभोवती फडकं घेऊन फिरायचे.

चांदवडला त्यांची थोरली बहीण राहते. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. आक्कांना ऐकू येत नाही. समोर बसून, चेहरा उजेडाकडे करून, सावकाश बोललं तर त्या ओठांवरून ओळखतात. फोन त्यांना काही कामाचा नाही; त्या तो कानाला लावतात, आपल्याला सांगायचं ते सांगतात आणि ठेवून देतात. म्हणून सासरे जायचे. दोघं ओट्यावर बसून एकमेकांच्या गोळ्यांची तुलना करायचे, आणि लहानपणी विहिरीत कळशी कोणी पाडली यावर भांडायचे. ते भांडण सत्तर वर्षं चाललेलं होतं आणि दोघांनाही ते संपवायची घाई नव्हती.

चांदवडला एसटी जाते. दर अर्ध्या तासाला जाते म्हटलं तरी चालेल. पण सासऱ्यांना लघवीचा त्रास होता, आणि एसटी पाहिजे तिथे थांबत नाही. स्वतःच्या गाडीत ते पिंपळगावच्या आधी एकदा, नंतर एकदा आणि चांदवडचा डोंगर दिसला की एकदा असे थांबायचे, कोणाला न विचारता. या वयात माणसाला स्वातंत्र्य म्हणजे काय हवं असतं, याचा हिशेब मी तेव्हापासून फार साधा ठेवला आहे.

एका पावसाळ्यात, चांदवडहून परत येताना, गाडीत पाणी शिरलं. वरून, खालून, काचेच्या कडेने, जिथून शिरता येईल तिथून. सासरे घोट्याएवढ्या पाण्यात पाय ठेवून नाशिकपर्यंत आले, आणि मग तापाने आठवडाभर दवाखान्यात पडले.

माझे मेहुणे, म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, अपघात झालेल्या, पाण्यात बुडालेल्या गाड्यांच्या विम्याचे दावे तपासतात. समोरचा माणूस खोटं बोलतोय हे गृहीत धरून ते सकाळी घराबाहेर पडतात आणि संध्याकाळी तेच गृहीत धरून घरी येतात. त्यांची स्वतःची नवी गाडी जीपपेक्षा मोठी आणि बसपेक्षा जराशी लहान. ती रस्त्यावर उभी असायची, कारण बापलेकांत पार्किंग एकच होतं. दवाखान्यातून वडील घरी आले त्या रविवारी जेवताना मेहुण्यांनी जाहीर केलं की आता पुरे झालं, गाडी भंगारात द्यायची.

सासऱ्यांनी घास खाली ठेवला. गाडी गळत नाही, म्हणाले, रबर गळतंय. दारांची रबरं, काचांची रबरं, पट्ट्या, सगळं काढायचं, गाडी पूर्ण रंगवायची आणि सगळं नवं बसवायचं. मग सगळ्यांसमोर पाणी मारून बघायचं.

"आणि गळली तर?" मेहुण्यांनी विचारलं.

"एक थेंब आत आला तर मी स्वतः किल्ली तुझ्या हातात देईन."

"आणि चांदवड बंद."

सासऱ्यांनी पाणी प्यायला घेतलेला पेला तसाच खाली ठेवला. "आणि चांदवड बंद," ते म्हणाले.

माझ्या बायकोने पोळी वाढता वाढता विषय बदलायचा प्रयत्न केला. मेहुण्यांनी तोपर्यंत ही अट कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली होती.

*

द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये एक पेंटर होता, तो सासऱ्यांनी निवडला. पेंटरचं एकच धोरण होतं: समोरचा जे म्हणेल ते बरोबर. सुरुवातीला तो म्हणाला, रबर काढायची काय गरज, कागदाची टेप लावू, वरून रंग मारू, कळणारसुद्धा नाही. सासऱ्यांनी त्याला शेजारी उभ्या असलेल्या एका गाडीपाशी नेलं. तशीच टेप लावून रंगवलेली. रबराच्या कडेला रंगाचा काठ उभा राहिला होता आणि नख लावलं की कांद्याच्या पातीसारखा सुटून येत होता.

"हे कोणी केलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"मीच, साहेब."

"चूक आहे."

"बरोबर, साहेब."

मग रबरं निघाली. मी सुट्टीच्या दिवशी सासऱ्यांना शेडवर सोडायला जायचो आणि तिथेच थांबायचो, कारण घरी मेहुणे असत. दारांची रबरं इतकी वाळली होती की ओढली की तुकडे पडायचे. पट्ट्यांच्या खाली मूळचा निळा जसाच्या तसा होता, बोटभर रुंद, अगदी पहिल्या दिवसासारखा. सासरे त्याच्यावरून अंगठा फिरवत बराच वेळ उभे राहिले आणि मग हा निळा नीट जुळवायचा, असं पेंटरला बजावलं. पेंटरने बरोबर म्हटलं, आणि गाडी रंगून आली तेव्हा ती जवळपास त्याच रंगाची होती, म्हणजे निळीच होती.

पुढच्या काचेचं रबर काढल्यावर खालचा पत्रा दिसला. पत्रा म्हणजे जिथे पत्रा असायला हवा होता ती जागा. मागे कधीतरी कोणीतरी तिथे चिंध्या आणि वर्तमानपत्र कोंबून वरून लांबी, म्हणजे पुट्टी, थापली होती आणि रंग दिला होता. पाणी शिरत होतं ते इथूनच. सासऱ्यांना फार आनंद झाला. आपलं निदान खरं ठरलं की इंजिनीअरला होतो तसा. त्यांनी फोटो काढून ग्रुपवर पाठवला. खाली लिहिलं, कारण सापडले.

मेहुण्यांचं उत्तर लगेच आलं. बाबा, ही गाडी आहे की वारूळ? त्याखाली सुनेने, म्हणजे मेहुण्यांच्या बायकोने, हसरा चेहरा टाकला, एका आतेभावाने तीन टाकले, आणि ज्यांना काही कळलं नव्हतं अशा एका मावशींनी नमस्काराचे हात टाकले.

पत्रा कापून नवा जोडला, त्यात हिवाळा गेला. आता रबर. या गाडीचं मूळ मापाचं दाराचं रबर कोणी बनवत नव्हतं. भद्रकालीतल्या दुकानदाराने त्यातल्या त्यात जवळचे दोन नमुने दाखवले: एक जरा बारीक, एक चांगलंच जाड. सासऱ्यांनी दोन्ही बोटांत दाबून पाहिले. मग दुकानात उभ्या असलेल्या चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी धरणाच्या दरवाज्यांबद्दल सांगायला सुरुवात केली. दरवाज्याच्या कडेला रबराचं सील असतं. पाणी मागून दाबतं, सील पुढे चिकटतं, म्हणून गळत नाही. दाब नाही तर सील नाही. पाण्याला कधीही संधी द्यायची नाही.

"गाडीच्या दाराला मागून धरण नसतंय, काका," दुकानदार म्हणाला.

ते त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आक्कांकडून ती कला त्यांनी उचलली असावी. त्यांनी जाड रबर घेतलं. पेंटरने ते हातात घेतलं, दाराला लावून पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं. मी विचारलं, जाड नाही ना होत?

"बरोबर, साहेब. जाड आहे."

"मग दार लागेल का?"

"बरोबर, साहेब. लागेल."

एक दिवस मात्र चांगला गेला, तो सांगायला हवा. पुढची काच बसवायची होती. काचेला सगळीकडून नवं रबर चढवायचं, रबराच्या खाचेत आतून सुतळी फिरवायची, काच बाहेरून जागेवर टेकवायची आणि मग आतून सुतळी ओढत जायची. सुतळी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्यावर उलटत जातो आणि काच बसते. बाहेरून पेंटर तळहाताने ठोकत होता, आत सासरे सुतळी ओढत होते. ओठ उलटला की प्रत्येक वेळी एक बारीकसा चुटकी वाजवल्यासारखा आवाज यायचा. सुतळी पूर्ण हातात आली तेव्हा त्यांनी ती माझ्याकडे धरली. कोणी मासा दाखवावा तशी.

"जावईबापू, पुढच्या गुरुवारी आक्काकडे आमरस खायला चला," ते म्हणाले.

*

पाणी मारून बघायची तशी घाई नव्हती. पण त्या आठवड्यातच अक्षय्य तृतीया होती, आणि मेहुण्यांनी ठरवलं की पाण्याची परीक्षा त्याच दिवशी करायची. सगळ्यांना सुट्टी, सगळे घरी. सासऱ्यांनीही मान डोलावली. धरणाच्या पायाची गणितं करणारा हा माणूस पंचांग कपाटाच्या मागच्या कप्प्यात ठेवायचा, पण ठेवायचा. त्या दिवशी जे करावं ते अक्षय टिकतं, असं त्यांचं मत होतं. यात ते पुढे बरोबर निघाले.

अडचण एवढीच होती की दारांवर आणि बॉनेटवर रंगाचा शेवटचा हात मारून दोनच दिवस झाले होते. मी पेंटरला फोन केला. नवा रंग नीट वाळल्याशिवाय त्यावर रबर दाबून बसवलं तर चिकटत नाही का?

"बरोबर, साहेब. चिकटतं."

"मग थांबायला नको?"

"बरोबर, साहेब. पण मुहूर्त आहे."

त्या दिवशी दुपारी घरात पितरांची घागर पुजली गेली. मातीची घागर, त्यात वाळ्याचं पाणी, वर खरबूज. मग जेवण: पुरणपोळी, आमरस, कुरडया, ताक. सासरे बेताने जेवत होते. बाहेर जायचं असलं की ते पाणी, ताक मोजून प्यायचे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मेहुण्यांनी स्वतः उठून त्यांच्या पानात आमरसाची वाटी ठेवली, मग दुसरी ठेवली, आणि ताकाचा पेला भरला.

"घ्या बाबा. पितरांना वाहिलं, आता तुम्ही घ्या."

पंगत हसली. सासरेही हसले, आणि प्यायले. मुलाने एवढं प्रेमाने वाढलेलं बऱ्याच दिवसांत पानात आलं नव्हतं.

मग सगळे खाली पार्किंगमध्ये. सोसायटीतले लोक खुर्च्या घेऊन आले होते. सोसायटीच्या अध्यक्षांना मेहुण्यांनी तटस्थ साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. सुनेने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. ओल्या बोटाने, ओल्या रंगावर. नारळ फुटला. अध्यक्षांनी दोन शब्द बोलायचे ठरवले आणि बरेच बोलले. ज्येष्ठ नागरिक हे समाजाचे संचित आहे, असं त्यांच्या भाषणात तीनदा आलं. ऊन सरळ डोक्यावर होतं आणि संचित सफारीच्या बाहीने घाम पुसत उभं होतं. मोतिया रंगाचा तो सफारी सासऱ्यांनी नोकरीतल्या शेवटच्या उद्घाटनासाठी शिवला होता.

मेहुणे म्हणाले, आत कोणीतरी बसायला हवं, नाहीतर थेंब कुठून आला ते कळायचं कसं? त्यांचा हात माझ्याकडे वळला होता. पण सासऱ्यांनी तो मान कोणाला दिला नसता. नव्या पुलावरून पहिली गाडी जाते तेव्हा इंजिनीअर पुलाखाली उभा राहतो, असं त्यांनी सांगितलं. असं कुठे होतं ते मला माहीत नाही. पण ते ज्या ताठपणे गाडीपर्यंत चालत गेले, त्यावरून वाटलं की होत असावं. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. काचा वर केल्या.

दार लागेना. रबर जाड होतं. सासऱ्यांनी आतून दोनदा ओढलं, मग मेहुण्यांनी बाहेरून खांदा लावला आणि पूर्ण वजनाने दार आत दाबलं. कुलपाचा खटका बसला. उरलेली तीन दारंही त्यांनी तशीच बसवली, कपड्यांनी ठासून भरलेली बॅग बंद करतात तशी. प्रत्येक दाराला टाळ्या पडल्या.

मग वॉचमनने पाइप सोडला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी त्या दिवसांत हात धरवत नाही इतकं तापलेलं असतं. ते टपावर पडलं, काचांवरून उतरलं, क्रोमच्या पट्ट्यांवरून धारांनी खाली गेलं. पलीकडे सासऱ्यांचा चेहरा लांबट, आखूड होत होता. त्यांनी वर पाहिलं, डावीकडे, उजवीकडे, पायाखाली पाहिलं. मग काचेजवळ अंगठा आणून वर केला. एकही थेंब नाही. मेहुण्यांनी वॉचमनला पाइप काचेच्या खालच्या कोपऱ्यावर धरायला लावला, मग दारांच्या फटीवर, मग परत कोपऱ्यावर. दाव्यात काहीतरी खोट असणारच, या नजरेने ते प्रत्येक सांधा बघत होते. अंगठा वरच राहिला. मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या रबरासाठी मनातल्या मनात प्रार्थना केली.

पाणी थांबलं. अध्यक्ष म्हणाले, वा. सासऱ्यांनी दाराची कडी ओढली.

दार उघडलं नाही.

त्यांनी पुन्हा ओढली, खांदा लावला. लोक हसले, चांगल्या अर्थाने, आधी. मेहुण्यांनी बाहेरची मूठ ओढली. नवी, चकचकीत क्रोमची मूठ त्यांच्या हातात आली. ती त्यांनी वर करून सगळ्यांना दाखवली. मग दुसरी दारं ओढली गेली. दबलेलं रबर खटका सुटू देत नव्हतं आणि कोवळ्या रंगाला उन्हात चिकटलं होतं. एकही दार हललं नाही. काच खाली करावी म्हणून सासऱ्यांनी आतलं हँडल फिरवलं. काचेच्या खाचेतली पट्टीही नवी होती, घट्ट होती. आतले दाते घसरले आणि हँडल त्यांच्या हातात गरगर फिरत राहिलं.

मी पेंटरला फोन लावला. तो गावी जेवायला बसला होता.

"दारं उघडत नाहीत," मी म्हटलं.

"बरोबर, साहेब. रबर नवीन आहे."

आत तोपर्यंत काचांवर वाफ धरायला लागली होती. माझी बायको म्हणाली, काच फोडा. मेहुणे म्हणाले, थांब, एवढं काय, येतील. ते मोबाइल काचेला लावून शूटिंग करत होते. "बाबा," त्यांनी मोठ्याने म्हटलं, "आता कळलं ना पाणी आत का येत नाही ते? पाणीसुद्धा बाहेर पडायची सोय बघूनच आत शिरतं." हा विनोद चांगला होता आणि सोसायटीने त्याला दाद दिली. वॉचमनने पाइप गाडीच्या चाकाशी टाकून दिला होता. तो तसाच चालू होता आणि त्याचा आवाज एकसारखा येत होता.

बायकोने विटेचा तुकडा उचलला. सासऱ्यांना तो दिसला. त्यांनी आतून हात हलवला: नको. दोन्ही हातांनी हलवला. काच नको, रबर फाटेल. गळायला लागेल. त्यांच्या ओठांवरून एवढं मला वाचता आलं. मग त्यांनी हात खाली घेतले आणि मांड्यांवर ठेवले, आणि आमच्याकडे बघायचं बंद केलं. ते सरळ समोर बघत बसले, गाडी चालवताना बसतात तसे. लोकांना वाटलं ते रुसले.

शेवटी वॉचमनने मागच्या दारापाशी जाऊन, बाहेरची मूठ बोटांनी वर धरून, लाथ घातली. दार चर्र करत उघडलं. रबराबरोबर रंगाची लांबच लांब पट्टी सोलून निघाली. मी मागून आत शिरलो, पुढे वाकून कडी ओढली आणि ड्रायव्हरचं दार आतून खांद्याने ढकललं. तेही उघडलं.

सासरे उठले नाहीत. सीट ओली होती. सफारीची पँट मांड्यांपर्यंत ओली होती. मेहुणे दारातून वाकले.

"दाजी, सीट बघा हो हात लावून. ओली आहे का?"

मी हात लावला. सीट ओली होती आणि गरम होती, पण त्या दिवशी टाकीतलं पाणीही गरम होतं. टपाच्या आतलं कापड कोरडं होतं. पायाखालचं मॅट कोरडं होतं, त्यावर धूळ होती. ते पाणी पाइपचं नव्हतं, आणि हे सांगायला हाताची गरज नव्हती, नाक पुरेसं होतं.

"ओली आहे," मी म्हटलं. मला तेवढंच विचारलं होतं.

मेहुण्यांनी टपाकडे पाहिलं. मग मॅटकडे. मग वडिलांच्या पँटकडे. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांत पाणी कुठून शिरलं ते शोधून पगार घेतला, त्याने ते बघायला जेवढा वेळ लागतो तेवढा घेतला. त्याला कळलं, हे मला कळलं. त्याने सरळ होऊन बाहेरच्या लोकांकडे पाहिलं आणि मग पुन्हा खाली वाकून विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"बाबा, गळते का गाडी?"

तो दुसरं उत्तर मिळायची वाट बघत नव्हता. दुसरं उत्तर काय आहे, ते त्याच्या वडिलांना खुर्च्यांवर बसलेल्या लोकांसमोर, अध्यक्षांसमोर, मोबाइलसमोर द्यावं लागलं असतं.

सासऱ्यांनी मांड्यांवरचे हात काढले नाहीत.

"गळते," ते म्हणाले.

त्यांनी किल्ली काढली आणि मुलाच्या हातात दिली. सांगितल्याप्रमाणे, स्वतः.

अध्यक्ष म्हणाले की प्रयत्न स्तुत्य होता. लोकांनी आपापल्या खुर्च्या उचलल्या. बायकोने टॉवेल आणून वडिलांच्या कमरेभोवती गुंडाळला आणि जिन्याने वर नेलं. सफारीची पँट तिनेच धुतली. बादलीपाशी ती एक क्षण थांबली, मग नेहमीपेक्षा जास्त साबण घेतला. माझ्याशी ती त्यावर काही बोलली नाही, मी तिच्याशी बोललो नाही, आणि आम्ही दोघं सासऱ्यांशी बोललो नाही. म्हणजे सत्य त्या घरात चार जणांपर्यंत पोहोचलं होतं आणि प्रत्येकाने आपलं दार घट्ट लावून घेतलं होतं. दाब असला की सील बसतं, हे सासऱ्यांचं म्हणणं खरं होतं.

दुसऱ्या आठवड्यात भंगारवाला आला. पार्किंगमध्ये मेहुण्यांची गाडी लागली. ती थोडी बाहेर येते, पण चालतं.

मेहुण्यांनी शब्द दिला होता की चांदवडला ते नेतील, आणि एकदा नेलं. पिंपळगावच्या आधी सासऱ्यांनी थांबायला सांगितलं. मेहुणे थांबले, आणि वडील झुडपामागे असेपर्यंत हॉर्न वाजवत राहिले, गमतीने. पिंपळगावच्या नंतर सासऱ्यांनी थांबायला सांगितलं नाही. चांदवडला ते आक्कांच्या ओट्यावर बसायच्या आधी सरळ मागच्या दाराने गेले. त्यानंतर नेतो म्हटलं तरी ते नको म्हणतात. मी आणि बायकोनेही म्हणून पाहिलं. आमच्या गाडीत त्यांना गरगरतं, असं कारण आहे.

आक्कांच्या सुनेचा अधूनमधून फोन येतो. आक्का गुरुवारी अंघोळ करून ओट्यावर बसतात. भाऊ का येत नाही, ते सुनेने समजावलं, ओठ हलवून, सावकाश: गाडी गळायला लागली म्हणून. आक्कांना ते पटत नाही. गाडी गळते म्हणून कोणी बहिणीला टाकतं का? त्यांनी एकदा फोन मागून घेतला आणि कानाला लावला. सासरे इकडून बोलले, बरंच बोलले. आक्कांनी आपलं तेवढं सांगितलं आणि फोन ठेवला.

"कळशी मीच पाडली होती रे," त्या म्हणाल्या. "आता ये."

पुढच्या पावसाळ्यात, तो संपत आला असताना, मी कामानिमित्त विंचूरला गेलो होतो. बाजाराच्या पुढे, रस्त्याच्या कडेला एका शेतकऱ्याच्या खळ्यात निळी गाडी उभी दिसली. बिनचाकांची, विटांवर ठेवलेली. निळे कितीतरी असतात, पण हिच्या बॉनेटवर गुलाबी स्वस्तिक होतं, रंगात मुरलेलं, पावसालाही न गेलेलं. भंगारवाल्याने पत्र्यापेक्षा जास्त भाव मिळतोय म्हणून ती अख्खीच विकली होती. मी शेतकऱ्याला विचारलं, हिचं काय करता?

"कांद्याचं बी ठेवतो," तो म्हणाला. "बियाला वल लागली की गेलं बी. औंदा घर गळलं, कांद्याची चाळ गळली, हिच्यात थेंब नाय. लय भारी रबर हाय. दार तेवढं आतनं उघडत नाय, पन बियाला कुठं बाहेर यायचंय."

मी खिडकीतून आत पाहिलं. मागच्या सीटवर बियाण्याच्या पिशव्या नीट रचलेल्या होत्या, कोरड्या. पुढे ड्रायव्हरच्या जागी लाकडी फळी होती. ती सीट तेवढी त्याने काढून टाकली होती. तिच्यावर कुठलंतरी कुत्रं मुतलं होतं, म्हणाला.